गिरण्या संपाने बुडाल्या का?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यात मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही होते. ‘युनियनने गिरण्या बुडवल्या’ हे तेव्हापासून ऐकतो आहोत. संपाने घाव घातला, हे खरेच. पण आजारी गिरण्यांसाठी सरकारला १९६८ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढावे लागले होते. बऱ्याच मालकांनी जुनी यंत्रे बदलली नाहीत. स्वस्त कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघू लागले. पुढे १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. भिवंडीच्या मागांवरही मोमीनच होते, युनियन मात्र नावापुरती. दोष युनियनचाच असता, तर तिथला विणकर आज सुखी दिसायला हवा होता.