बाटलीला बांधलेली सुतळी

आज रात्री तुम्ही स्टाफ नर्स आहात. वय तेवीस, नोकरीला दोन वर्षं, नाइटचा तिसरा दिवस. तारीख २९ सप्टेंबर १९९३, गाव लातूर. आज अनंत चतुर्दशी. मिरवणुकीत पाय मुरगळलेली, गुलालानं माखलेली दोन पोरं अकराच्या सुमाराला बँडेज बांधून घरी गेली, तेवढीच काय ती गडबड. ओव्हरची, म्हणजे पाळी सोपवतानाची, वही टेबलावर उघडी आहे. वॉर्डातल्या आया, मावशी, दाराशी सतरंजी टाकून लवंडल्या आहेत. लांब कुठंतरी एक ढोल अजून वाजतोय, मग तोही थांबतो.

दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. इथं तुम्हाला भेटणारी माणसं कुणा एकावर बेतलेली नाहीत; त्या पहाटे लातूर, उमरगा, सोलापूर, कुठल्याही वॉर्डात असू शकली असती अशी आहेत. रात्र मात्र खरी आहे.

३० तारखेची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आधी सलाईनच्या बाटल्या स्टँडवर किणकिणतात. मग खाटा सरकतात, पायाखालून मालगाडी जावी तसा आवाज येतो आणि दिवे जातात. चालता येणारे पेशंट अंगणात पळतात. ज्यांना उठता येत नाही ते “सिस्टर, सिस्टर” म्हणून ओरडतात आणि तुम्ही अंधारात खाटांच्या दांड्या चाचपत त्यांच्याकडे जाता. थांबतं तेव्हा वॉर्ड उभा आहे. अंगणात कुणीतरी हळूच म्हणतं, “किल्लारीकडं असंल.” गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून तिकडची जमीन गुरगुरतेय, ऑक्टोबरात भूकंपाचा चांगला धक्काही बसला होता. लोक काही दिवस बाहेर निजले, मग सवय झाली आणि पुन्हा घरात निजू लागले. काल तर विसर्जनाचं जागरण. गाढ झोप.

उजाडता उजाडता पहिला टेम्पो येतो.

तुम्ही धावता. पहिल्या हाताला लागते ती एक बाई, कपाळ फाटलेलं, रक्त डोळ्यांत उतरलेलं. तुम्ही तिला खाली बसवता, गॉजचा बोळा दाबून धरता, टाक्यांच्या ट्रेसाठी हाक मारता. तुम्ही चांगलं काम करताय. पण या तीन मिनिटांत टेम्पोतून अकरा माणसं उतरली आणि त्यातलं एकही तुम्हाला दिसलं नाही.

मोठ्या सिस्टर तुमच्या मागे उभ्या आहेत. क्वार्टरमधून टॉर्च घेऊन सव्वाचारलाच आल्या. त्या खाली वाकत नाहीत, बोळ्याला हात लावत नाहीत. म्हणतात, “तिचाच हात घे, तिच्याच कपाळावर ठेव. दाबून धर म्हण. तिला जमतंय ते. तू ऊठ.”

तुम्हाला राग येतो. जखमी बाईलाच कामाला लावायचं? पण तुम्ही तिचा हात उचलून बोळ्यावर ठेवता, आणि ती धरते. घट्ट धरते. तिच्या चेहऱ्यावरची भीतीही जरा मागे हटते. हाताला काहीतरी काम मिळालं. तुमचे दोन्ही हात मोकळे होतात. आता दिसतं की भिंतीशी एक म्हातारा न ओरडता बसलाय आणि त्याचे ओठ निळे पडलेत.

मोठ्या सिस्टर कॅज्युअल्टीच्या दारात एका स्टुलावर चढून उभ्या राहतात आणि पुढचे दोन तास तिथून हलत नाहीत. सगळ्यांत अनुभवी हात, आणि तो एकाही पेशंटला लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे खटकेल. एक नातेवाईक खालून ओरडतोच, “बाई, काय करलालाव नुसतं हुबं राहून? आधी हिला बघा की!” त्या उत्तर देत नाहीत. त्या बघतायत. चालत आलेल्याला व्हरांड्यात बसवा. श्वास लागलेला, गार पडलेला, आत. पाय मोडलाय पण नाडी चांगली आहे, फळी बांधा आणि थांबवा. एका नजरेत एक माणूस, एका माणसाला एक जागा. त्या खाली उतरून एका बाळाला उचलून घेतील, तर त्या बाळाचं भलं होईल आणि दाराची वाट बुजेल. नेतृत्व म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मला हे न उतरणं आठवतं. नर्सचा सगळा पिंड हात पुढे करण्याचा असतो. हात मागे ठेवायला केवढी ताकद लागत असेल!

तोपर्यंत दवाखान्यात माणसंच माणसं. डे ड्यूटीच्या सिस्टर वेळेआधी आल्यात, नर्सिंगच्या शिकाऊ पोरी हॉस्टेलमधून केस न विंचरताच पळत आल्यात, कॉलेजची पोरं, मंडळांचे कार्यकर्ते, कालचा गुलाल अजून कानामागे असलेले. प्रत्येकाला मदत करायचीय आणि सगळे एकाच खाटेभोवती उभे आहेत. मोठ्या सिस्टर स्टुलावरूनच वाटणी करतात. थर्ड इयरच्या पोरींनी सलाईन लावायचं, टीटीचं, धनुर्वाताचं, इंजेक्शन द्यायचं. फर्स्ट इयरनं सुईला हात लावायचा नाही; नाडी मोजायची, श्वास मोजायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा. आणि तोंडं साफ करायची. हे काम तुम्ही जवळून बघा. बोटाला गॉज गुंडाळायचं, जबडा उघडायचा, गालाच्या आतून, जिभेखालून माती काढायची. इकडच्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड, दगड-मातीच्या, वर माळवदाचा मातीचा थर. ते सगळं निजलेल्या माणसांवर आलं. गॉज काळं होऊन बाहेर येतं, दुसरं घ्यायचं. अठरा वर्षांची पोरगी हे करतेय, रडतेय आणि करतेय.

कार्यकर्त्यांना स्ट्रेचर. कॉलेजच्या पोरांना रक्तदात्यांची रांग. आणि त्यातल्या सुवाच्य अक्षराच्या एका पोराला नावांची वही. “नाव, गाव, कुणी आणलं. लेकरू बोलत नसंल तर कुठं सापडलं ते लिही. कुणाच्या ओसरीत, कुठल्या देवळापाशी. हे चुकलं तर ते लेकरू आयुष्यभर चुकंल.” दिलेल्या औषधाची नोंद कागदावर नाही, चिकटपट्टीवर: काय दिलं, किती वाजता. पट्टी मनगटावर. पेशंट इथून सोलापूरला हलवला, अंबाजोगाईला हलवला, तरी कागद हरवेल, मनगट बरोबर जाईल. लातुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यायला २००२ साल उजाडायचंय. आज मोठ्या ऑपरेशनसाठी भिस्त आहे ती सोलापूर, अंबाजोगाई आणि १९८८ साली सुरू झालेल्या नांदेडच्या महाविद्यालयांवर, आणि इथल्या इथं १९६६ पासून उभ्या असलेल्या विवेकानंद रुग्णालयासारख्या संस्थांवर.

साडेनऊला एक माणूस येतो. चाळिशीचा, शेतकरी. पाच तास मांडीवर भिंतीचा दगड होता. तो बोलतोय, पाणी मागतोय, बायकोची चौकशी करतोय. रक्त कुठं नाही, फक्त मांडी टणक सुजलेली. तुम्ही त्याला मनातल्या मनात व्हरांड्यात बसवून टाकता. मोठ्या सिस्टर आता स्टुलावर दुसऱ्या सिस्टरला उभं करून आत आल्यात. त्या त्याला आत घ्यायला लावतात, डॉक्टरांना हाक मारतात. दबलेला स्नायू आतून फुटलेला असतो. दगड निघाला की त्या स्नायूतलं विष रक्तात धावतं, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, मूत्रपिंडं तुंबतात. १९४१ मध्ये, लंडनवरच्या बाँबहल्ल्यांनंतर, बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरानं हे नीट मांडलं. ढिगाऱ्यातून बोलत बाहेर आलेली माणसं काही दिवसांनी का मरतात, ते. उपाय म्हणजे भरपूर सलाईन, लवकर, आणि लघवीवर नजर. दर तासाला. सोडायचं नाही.

दर तासाला. कोण बघणार? तुमच्याकडे एकोणीस पेशंट आहेत.

“मावशी, इकडं या,” मोठ्या सिस्टर म्हणतात. मावशींना अक्षरओळख नाही. सिस्टर कॅथेटरची काचेची बाटली घेतात, मापानं दोनशे मिली पाणी ओततात, पाणी जिथवर आलं तिथं सुतळी बांधतात, पाणी फेकून देतात, बाटली खाटेखाली ठेवतात. “मोठा काटा बारावर आला की बघायचं. सुतळीपातुर आली तर बाटली रिकामी करायची, मला सांगायचं, मी लिहीन. नाही आली तरी मला सांगायचं. आन् रंग चहावानी झाला, तर काट्याची वाट बघायची न्हाई. मी डॉक्टरांसंगं बोलत असले तरी पदर ओढायचा. सलाईनच्या चाकाला हात लावायचा न्हाई. सांगा बघू, मी काय सांगितलं?”

मावशी सगळं परत सांगतात. एक चूक करतात. त्यांना वाटतं, सुतळीच्या वर गेली तर वाईट. सिस्टर हसत नाहीत, चिडत नाहीत. पुन्हा सांगतात, पुन्हा म्हणवून घेतात.

काम सोपवण्यावर पुढे तुम्ही परीक्षेसाठी पाच कसोट्या पाठ कराल: काम सोपवण्याजोगं आहे का, प्रसंग तसा आहे का, माणूस योग्य आहे का, सूचना स्पष्ट आहे का, देखरेख आहे का. पाचही त्या सुतळीत आहेत. बघणं सोपवलं; त्याचा अर्थ काय ते ठरवणं स्वतःकडे ठेवलं. आणि मला सगळ्यांत मोठं वाटतं ते पदर ओढायची परवानगी. दवाखान्याच्या उतरंडीत सगळ्यांत खालच्या बाईला सगळ्यांत वरच्या दोघांचं बोलणं तोडायचा हक्क दिला, सगळ्यांच्या देखत.

पावणेअकराला मावशी पदर ओढतात. “बाई, चहा.”

सलाईन वाढतं, माणूस दुपारच्या आत पुढे रवाना होतो, मनगटावर पट्टी, पट्टीवर प्रत्येक तासाचा आकडा. त्याचं पुढं काय झालं ते इथं कळणार नाही. नर्सच्या नोकरीत हेच फार असतं.

बारा वाजता मोठ्या सिस्टर तुमच्यापाशी येतात. “नाइटच्या निम्म्या जणी झोपायला. तू पण. चारला उठायचं.” तुम्ही म्हणता, मला होतंय अजून. बाहेर अजून ट्रक येतायत, ५२ गावं जमीनदोस्त झालीत हे अजून कुणाला नीट माहीतही नाही, आठ-दहा हजार मृत्यू, सोळा हजारांच्या आसपास जखमी, हे आकडे यायचेत. अशात झोपायचं? त्या फक्त म्हणतात, “संध्याकाळी कोण उभं राहील?” तुम्ही लिननच्या खोलीत चादरींच्या ढिगावर पडता.

डोळा लागतो. तारीख तीच राहते, साल बदलतं.

३० सप्टेंबर २०२३. नांदेड, विष्णुपुरी, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. बरोबर तीस वर्षं. जमीन हललेली नाही. आज आणि उद्याच्या दरम्यानच्या २४ तासांत इथं २४ माणसं जातील, त्यांतली १२ नवजात बाळं. मुंबई उच्च न्यायालय स्वतःहून दखल घेईल. औषधं होती की नव्हती, रुग्ण किती उशिरा आणले, यावर वाद होतील. मंजूर खाटांहून रुग्ण जास्त आणि पदं रिकामी, हे मात्र पुन्हा पुन्हा पुढे येईल. तुम्ही दारातच थांबा. ही बाळं खरी आहेत, त्यांचे आईबाप आज हिंगोलीत, परभणीत, नांदेडच्या खेड्यांत आहेत. कुणाचा वेष देऊन मी तुम्हाला आत नेणार नाही.

दारातून एवढंच बघा. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, अतिदक्षता विभागात एका खाटेला एक, असं आपल्याच देशातल्या परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं. मग आपल्याकडचा कुठलाही भरलेला सरकारी वॉर्ड आठवा. मावशीची जागा रिकामी, वॉर्डबॉय मामाची जागा रिकामी, थर्ड इयरची पोरगी एकटी रात्रपाळीला. अशा वॉर्डात मोठ्या सिस्टर स्टुलावर चढल्या तरी कुणाला हाक मारतील? म्हणून मग सलाईनची बाटली नातेवाइकाच्या हातात जाते. तीही न सांगता, परत म्हणवून न घेता, पुन्हा बघायला कुणी न येता. त्याला काम सोपवणं म्हणू नका. १९९३ च्या त्या बाईला तिचा हात तिच्या कपाळावर ठेवायला सांगितलं, तेव्हा चार पावलांवर तिच्यावर नजर होती. रिकाम्या पदांच्या वॉर्डात ती नजरच नसते. आणि चौकशी लागली की विचारतात, ड्यूटीवर कोण सिस्टर होती.

कुणीतरी खांदा हलवतंय. चार वाजलेत. लिननच्या खोलीचं दार, फिनेलचा वास, १९९३.

मोठ्या सिस्टर उभ्या आहेत, डोळे लाल. ओव्हरची वही तुमच्या हातात देतात. खाटवार सांगतात, एकेक नाव, एकेक आकडा, बावीस मिनिटं. मध्ये कुणी बोलवायला आलं तर हातानं थांबवतात. मग म्हणतात, “आता मी पडते. आठला उठव.” आणि त्याच चादरींवर, तुमच्या अंगाची ऊब अजून असताना, आडव्या होतात.

तुम्ही कॅज्युअल्टीत येता. दारातलं स्टूल रिकामं आहे. बाहेर ट्रकचा हॉर्न. दुसऱ्या एका खाटेखाली नवी बाटली ठेवलेली आहे आणि मावशी हातात सुतळीचा तुकडा घेऊन तुमच्याकडे बघतायत.

“सिस्टर, हितं कुठवर बांधू?”

तुम्ही माप घेता, पाणी ओतता, बोटानं जागा दाखवता. मावशी गाठ मारतात. आणि तुम्ही, स्टुलाकडे जायच्या आधी, त्यांच्यासमोर उकिडवं बसून म्हणता, “सांगा बघू, मी काय सांगितलं?”