केनिलवर्थचा उत्सव आणि कम्नरचा जिना

सर वॉल्टर स्कॉट याच्या ‘केनिलवर्थ’ या कादंबरींत एक प्रसंग असा आहे कीं, तो एकदां वाचलेला मनुष्य सहसा विसरत नाहीं. एलिझाबेथ राणी लेस्टरच्या अर्लाची पाहुणी म्हणून केनिलवर्थच्या किल्ल्यांत उतरली आहे. बागेंत फिरतां फिरतां ती एका कृत्रिम गुहेपाशीं येते, आणि तेथें भीतीनें पांढरी फटक पडलेली एक तरुण स्त्री तिच्या दृष्टीस पडते. ती स्त्री म्हणजे लेस्टरनें राणीपासून लपवून ठेवलेली त्याची विवाहित पत्नी एमी. राणी तिला धरून ओढीत लेस्टरपुढें नेऊन उभी करते, आणि ज्या एका वाक्यानें त्या बिचारीची सुटका व्हावयाची, तें वाक्य कांहीं लेस्टरच्या तोंडून निघत नाहीं.

हा प्रसंग घडलेला नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो घडणें शक्यच नव्हतें. राणीची ही प्रसिद्ध भेट १५७५ च्या जुलै महिन्यांतली. एमी रॉब्सार्ट ८ सप्टेंबर १५६० रोजीं वारली होती. म्हणजे जिला राणीनें गुहेंतून ओढून काढलें, तिला ऑक्सफर्डच्या सेंट मेरी देवळांत पुरून त्या वेळीं जवळजवळ पंधरा वर्षें लोटलीं होतीं. याच कादंबरींत शेक्सपिअर हा नांवाजलेला कवि असून दरबारी लोक त्याला नांवानें ओळखतात; प्रत्यक्षांत १५७५ सालीं तो स्ट्रॅटफर्ड गांवांत अकरा वर्षांचा मुलगा होता. राणीच्या पायाखालीं आपला झगा पसरणारा रॅले येथें आहे; तोही दरबारांत पुढें कांहीं वर्षांनीं आला. अशा चुकांची यादी करणें सोपें आहे आणि त्यांत फारसा पुरुषार्थ नाहीं. कादंबरीकार हा कांहीं गांवचा कुळकर्णी नव्हे कीं त्याची प्रत्येक नोंद दप्तराशीं ताडून पाहावी. शेक्सपिअर दहा-वीस वर्षें अगोदर मोठा झाला म्हणून कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. पण एमीला पंधरा वर्षें अधिक जगविण्यासाठीं स्कॉटला तिच्या चरित्रांतली एक फार महत्त्वाची गोष्ट पुसून टाकावी लागली. ती कोणती, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम त्याच्या पदरांत काय पडलें तें सांगितलें पाहिजे, नाहीं तर त्याच्यावर अन्याय होईल. केनिलवर्थचा उत्सव हा कोणत्याही कादंबरीकाराला मोह पाडील असाच होता. राणी तेथें एकोणीस दिवस राहिली. तिच्या स्वागतासाठीं पुलाच्या दोहों बाजूंच्या खांबांवर निरनिराळ्या देवतांचे नजराणे म्हणून पक्षी, फळें, मासे, मद्य, शस्त्रें आणि वाद्यें मांडलीं होतीं. किल्ल्याभोंवतींच्या विस्तीर्ण तलावावरून दंतकथेंतली ‘सरोवराची स्वामिनी’ तरंगत आली. दारूकाम, अस्वलांची झुंज, शिकार, ग्रामीण लोकांची सोंगें, सारें कांहीं झालें. किल्ल्यावरील घड्याळाचे कांटे मेजवानीच्या वेळेवर, म्हणजे दोन वाजतां, थांबवून ठेवले होते. जेथें राणी आहे तेथें वेळ पुढें सरकत नाहीं, जेवणाचें ताट नेहमीं वाढलेलेंच, असा त्याचा अर्थ. या तपशिलांचें एक खुसखुशीत पत्र रॉबर्ट लेनम नांवाच्या दरबारी माणसाच्या नांवावर छापलेलें आहे, आणि स्कॉटनें तें मनसोक्त वापरलें आहे. मर्जी म्हणजे काय, एका कटाक्षानें माणूस कसा वर चढतो आणि दुसऱ्या कटाक्षानें कसा कोसळतो, लेस्टर आणि ससेक्स या दोन सरदारांच्या वैरांत राणी दोघांनाही कशी खेळवते, हें त्यानें ज्या सामर्थ्यानें दाखविलें आहे त्याला तोड नाहीं. आदल्याच वर्षीं, १८२० सालीं, ‘द अ‍ॅबट’ मध्यें त्यानें स्कॉटलंडची मेरी राणी रंगविली होती. १८२१ च्या आरंभीं निघालेलें हें पुस्तक म्हणजे तिच्या प्रतिस्पर्धिनीचें चित्र होय. तें युरोपभर गेलें. १८२८ सालीं व्हिक्टर ह्यूगोनें एमीवर नाटक लिहिलें. पुढच्याच वर्षीं दोनिझेत्तीनें केनिलवर्थवर संगीतनाटक रचलें.

पण एमीची कथा स्कॉटकडे आली ती कोणत्या वाटेनें? लहानपणीं त्यानें मिकल नांवाच्या कवीचा कम्नरच्या वाड्यावरील एक शोकपूर्ण पोवाडा वाचला होता, आणि त्याच्या सुरुवातीच्या ओळी त्याच्या कानांत बसल्या होत्या. (हा मिकल म्हणजे कामॉइंश या पोर्तुगीज कवीचें महाकाव्य इंग्रजींत आणणारा तोच. कामॉइंश कांहीं वर्षें गोव्यांत राहिलेला असल्यामुळें आपल्याकडील वाचकांना हें नातें गमतीचें वाटेल.) पुढें स्कॉटनें अ‍ॅशमोलच्या बार्कशायरविषयींच्या ग्रंथांतून हकीकत घेतली. अ‍ॅशमोलची हकीकत १५८४ सालीं परदेशांत छापलेल्या एका पत्रकावरून घेतलेली आहे, आणि तें पत्रक देशाबाहेर गेलेल्या कॅथलिक पक्षाच्या लोकांनीं लेस्टरची बदनामी करण्यासाठींच काढलेलें होतें. एलिझाबेथच्या सरकारनें त्यावर बंदी घातली होती. व्हार्नी आणि फॉर्स्टर यांनीं धन्याच्या सांगण्यावरून एमीला मारलें, ही कथा तेथें प्रथम छापून आली. शत्रूनें लिहिलें, संग्राहकानें उतरून घेतलें, कवीनें गाइलें आणि कादंबरीकारानें अमर केलें.

आतां दप्तर काय म्हणतें तें पाहूं. एमी ही नॉर्फोकमधील सर जॉन रॉब्सार्टची मुलगी. ४ जून १५५० रोजीं तिचें लग्न रॉबर्ट डड्लीशीं झालें. लेस्टरचा अर्ल तो पुढें १५६४ सालीं झाला. हें लग्न गुप्त नव्हतें. खुद्द सहावा एडवर्ड राजा त्याला हजर होता, आणि त्या बारा वर्षांच्या मुलानें आपल्या रोजनिशींत त्याची नोंदही केली. दोन खांबांमध्यें जिवंत हंस टांगून त्याचें मुंडकें कोण तोडतो अशी पैज लग्नाच्या दिवशीं लागली होती, ती बालराजाला विशेष लक्षांत राहिली. पुढें डड्ली घराण्यावर आपत्ति आली, रॉबर्ट लंडनच्या टॉवरमध्यें कैदेंत पडला, तेव्हां एमीला त्याला भेटावयास जाण्याची परवानगी मिळाली होती.

१५५८ च्या नोव्हेंबरांत एलिझाबेथ गादीवर आली आणि रॉबर्ट तिच्या पागेचा मुख्याधिकारी झाला. ही नेमणूक वाटते तेवढी साधी नव्हती. राणी घोड्यावर बसेल तेव्हां त्यानें जवळ असलेंच पाहिजे, आणि राणी रोज घोड्यावर बसे. बायकोचा मुक्काम मात्र कधीं या स्नेह्याच्या घरीं, कधीं त्या स्नेह्याच्या घरीं. नवराबायकोंनीं स्वतःचें म्हणून एक घर मांडलें नाहीं. १५५९ च्या एप्रिलांत स्पेनच्या वकिलानें आपल्या धन्याला कळविलें कीं, एमीच्या स्तनाला कांहीं विकार आहे आणि ती मेली म्हणजे राणी रॉबर्टशीं लग्न करणार, असें लोक बोलतात. बाईच्या मरणाची चर्चा ती जिवंत असतांनाच परदेशच्या खलित्यांतून चालली होती!

म्हणजे स्कॉटची एमी कोणाला ठाऊक नाहीं म्हणून दुःखी आहे, तर खरी एमी सर्वांना ठाऊक होती. तिला लपविण्याचें कोणाला कारणच नव्हतें. राणीच्या मर्जींतल्या पुरुषांच्या बायकांना त्या दरबारांत जागा नव्हती, एवढेंच. गुप्त विवाह उघडकीस आला तर नाट्य होतें. उघड विवाहाकडे सर्वांनीं डोळेझांक केली तर कांहींच होत नाहीं, फक्त दिवस जातात. कादंबरीला पहिली गोष्ट हवी होती, आणि तिच्यासाठीं दुसरी गेली. आमच्या मतें कालविपर्यासापेक्षां हें नुकसान कितीतरी मोठें आहे.

एमीचीं दोन पत्रें उरलीं आहेत. एक कारभार पाहणाऱ्या फ्लॉवरड्यूला आहे. यजमान मोठ्या कामांत गुंतलेले आहेत आणि अचानक निघून गेल्यामुळें आपलेंही चित्त ठिकाणावर नव्हतें असें सांगून, मेंढ्यांची लोकर तोटा सोसूनही ताबडतोब विका आणि ज्या गरिबांचें देणें आहे त्यांचें भागवा, असें ती त्याला लिहिते. ही बाई दागिने पाहून टाळ्या पिटणारी, बालिश, हट्टी अशी स्कॉटची नायिका खचित नव्हे. ही धान्याकोठारांत वावरलेली, देणेंघेणें समजणारी गृहिणी आहे. दुसरें पत्र १५६० च्या २४ ऑगस्टचें, कम्नरहून लंडनच्या एड्नी नांवाच्या शिंप्याला. मखमलीचा एक झगा ती पाठवीत आहे. मागच्या तांबूस तलम झग्याला लावली होती तशीच गळपट्टी याला लावावी, पैसे चुकते केले जातील.

या पत्रानंतर पंधराव्या दिवशीं ती मेली. तो रविवार होता. जवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं जत्रा भरली होती. घरांतल्या सर्व नोकरांनीं जत्रेला जावें असा तिनें आग्रह धरला. कोणी नको म्हटलें तर ती रागावली. नोकर परतले तों ती जिन्याच्या पायथ्याशीं मान मोडून पडलेली. रॉबर्ट त्या वेळीं विंडसरला राणीपाशीं होता. बातमी कळल्यावर त्यानें आपल्या ब्लंट नांवाच्या माणसाला लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. पंच शहाणे आणि वजनदार असावेत, सत्य काय तें निघावें, हें तो कळकळीनें लिहितो. दुष्ट जग आतां काय म्हणेल, याची त्याला भारी चिंता लागलेली दिसते. बायकोविषयीं मात्र एकही हळवा शब्द त्यांत नाहीं. ब्लंटच्या उत्तरांत एमीच्या दासीचें बोलणें आहे, तें मन हेलावणारें आहे. बाई रोज गुडघे टेकून देवाची प्रार्थना करीत आणि निराशेंतून सोडव म्हणून विनवीत, असें दासी बोलून गेली. आणि याचा अर्थ आत्महत्या असा होतो हें ध्यानांत येतांच, तसें मला म्हणावयाचें नव्हतें म्हणून तिनें ते शब्द मागें घेतले.

पंचांनीं अपघाती मृत्यु असा निर्णय दिला. त्या निवाड्याचा मूळ लॅटिन कागद २००८ सालीं ब्रिटिश राष्ट्रीय दप्तरखान्यांत सांपडला. मान मोडली होतीच. शिवाय डोक्यावर दोन जखमा, एक पाव इंच खोल आणि दुसरी दोन इंच खोल, अशी नोंद त्यांत आहे. ही दुसरी जखम वाचून संशयी मनुष्याला पुन्हा बळ येतें, हें कबूल केलें पाहिजे. १९५६ सालीं एका वैद्यकाच्या प्राध्यापकानें असेंही सुचविलें होतें कीं, स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला असेल तर मणका थोड्याशा धक्क्यानेंही मोडूं शकतो. एक गोष्ट मात्र आम्हांस निश्चित वाटते. रॉबर्टनें हा खून करविला असेल तर त्याच्याइतका मूर्ख त्या दरबारांत दुसरा नव्हता. आजारानें एमी चार-सहा महिन्यांनीं गेली असती तर त्याचा मार्ग मोकळा होता. अशा रीतीनें ती गेल्यामुळें तो कायमचा बंद झाला. फ्रान्सच्या दरबारांत उघड थट्टा होऊं लागली, आणि ज्या राणीला आपली गादी प्राणांहून प्रिय होती तिनें त्याच्याशीं लग्न केलें नाहीं.

१५७५ चा उत्सव या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. गॅस्कॉइन कवीनें त्या प्रसंगासाठीं एक नाटिका रचली होती. तींत डायाना आणि जूनो या देवतांचा एका कुमारिकेवरून वाद होता, आणि तिनें लग्न करावें असा शेवटीं बोध होता. ती झालीच नाहीं. पाऊसपाणी आड आलें असें कारण देण्यांत आलें. तीन वर्षांनीं, १५७८ सालीं, लेस्टरनें लेटिस नोलिस या विधवेशीं राणीला नकळत लग्न केलें. तें राणीला कळलें तेव्हां तिच्या संतापाला पारावार राहिला नाहीं. स्कॉटच्या कथेंतला गुप्त विवाह खरोखर हा आहे. लेटिसचें गुपित त्यानें एमीच्या गळ्यांत बांधलें.

या प्रश्नाशीं आपला संबंध नाहीं असें कोणी समजूं नये. स्कॉट वाचून वाढलेल्या पिढीनेंच मराठींत ऐतिहासिक कादंबरी रुजविली. हरि नारायण आपटे यांची पहिली ऐतिहासिक कृति ‘मैसूरचा वाघ’ ही तर मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीच्या आधारें झालेली. ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईनें केला कीं नाहीं याचा निकाल संशोधक कसाही देवोत, ती तशीच लोकांच्या ध्यानांत राहणार. अलीकडे हिलरी मँटेल हिनें आठव्या हेन्रीच्या दरबारावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली ‘वुल्फ हॉल’ २००९ सालीं निघाली. तिनें तारखा हलविल्या नाहींत, कागदपत्रांच्या मधल्या रिकाम्या जागेंतच कल्पना चालविली, आणि लोहाराच्या पोटीं जन्मलेल्या थॉमस क्रॉमवेलला माणूस म्हणून उभें केलें. ही शिस्त स्कॉटहून वरची खरी. तरीही तिच्या टीकाकारांची तक्रार आहेच कीं, क्रॉमवेल उजळतांना थॉमस मोर काळवंडला.

‘केनिलवर्थ’ मध्यें असा काळवंडलेला मनुष्य म्हणजे अँथनी फॉर्स्टर. स्कॉटनें त्याला कृपण, दांभिक तुरुंगाधिकारी करून अखेर सोन्याच्या पेटीपाशीं कोंडून मारला. खरा फॉर्स्टर डड्लीचा हिशेबनीस, अ‍ॅबिंग्डनचा पार्लमेंटांतला प्रतिनिधि. १५७२ सालीं तो वारला, आणि कम्नरच्या देवळांत त्याची कबर आहे. तिच्यावरील लॅटिन श्लोकांत त्याच्या विद्वत्तेची, संगीताची आणि झाडें लावण्याच्या हौसेची स्तुति कोरलेली आहे. कबरीवर सर्वांचीच स्तुति असते हें खरें. पण झाडें लावण्याची हौस कोणी उगाच कशाला कोरील? त्याचा वाडा, ज्यांत एमी राहिली आणि मेली, तो मात्र १८१० च्या सुमारास पाडून टाकण्यांत आला. दहा-अकरा वर्षांनीं कादंबरी निघाली आणि ती वाचून लोक तो जिना पाहावयास कम्नरला येऊं लागले, तेव्हां तेथें दाखविण्यासारखें फारसें कांहीं शिल्लक राहिलें नव्हतें.