कीबोर्ड, राग आणि तबकडी : चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संगीताचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने घराणी, गायक आणि बंदिशी यांच्या आधारे लिहिला गेला आहे. वाद्यांच्या इतिहासाला त्यात दुय्यम स्थान मिळते, तर ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टुडिओतील वादकाला बहुधा स्थानच मिळत नाही. या पार्श्वभूमीवर १९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एचएमव्ही या मुद्रेखाली प्रसिद्ध केलेल्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीचा विचार उद्बोधक ठरतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांची ही निर्मिती. ती जगाच्या संगीतेतिहासात नेमकी कोठे ठेवावी, या प्रश्नाचा ऊहापोह करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी

कीबोर्डला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या प्रागतिक रॉक संगीताचा ठळक आरंभबिंदू म्हणून इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश त्रयीच्या पहिल्या तबकडीकडे पाहिले जाते. नोव्हेंबर १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तबकडीत गिटारऐवजी कीथ इमर्सन यांचे ऑर्गन व पियानो अग्रभागी होते. तीतील एक रचना बेला बार्तोक यांच्या १९११ च्या पियानोरचनेवर, तर दुसरी लेओश यानाचेक यांच्या ‘सिंफोनिएटा’वर बेतलेली होती. मूळ आवृत्तीत मात्र या दोन्ही संगीतकारांचा श्रेयनिर्देश नव्हता. अखेरच्या गीताच्या शेवटी इमर्सन यांनी मूग सिंथेसायझरवर वाजवलेला अंश विशेष गाजला. अभिजात परंपरा, विद्युत्-वाद्य आणि लोकप्रिय ताल यांचा संयोग हे या प्रयोगाचे मर्म होय. बारा वर्षांनी मुंबईत याच तीन घटकांची वेगळी जुळणी झाली. या दोहोंत थेट ऋणानुबंध होता असे येथे सुचवायचे नाही; दोन परंपरांनी एकाच यंत्राला विचारलेले प्रश्न किती भिन्न होते, एवढेच पाहावयाचे आहे.

पेटीचा वाद : एक पूर्वपीठिका

भारतीय संगीतात पट्ट्यांच्या वाद्याचा प्रवेश सिंथेसायझरने झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली हार्मोनियम मराठी संगीत रंगभूमीने, कीर्तनाने आणि भजनी मंडळांनी आपलीशी केली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने तिला प्रतिष्ठा दिली. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चालीही त्यांच्याच. तथापि, या वाद्यावर दोन आक्षेप सातत्याने घेतले गेले. पहिला असा की, सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या पट्ट्यांत रागांतील श्रुतिभेद बसत नाहीत. दुसरा असा की, सुटे स्वर देणाऱ्या या वाद्यातून मींड निघत नाही. याच धारणेतून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ च्या सुमारास अंशतः उठली. चरणजित सिंग यांची तबकडी त्यानंतर अवघ्या दशकभरात आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तबकडीची घडण

चरणजित सिंग हे चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात गिटार, बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड व पुढे सिंथेसायझर वाजवणारे वादक होते. चित्रपटगीतांच्या सुरावटींच्या त्यांच्या तबकड्या यापूर्वीही निघाल्या होत्या. १९८० च्या ‘कुर्बानी’ने डिस्कोचा ठेका देशभर पोहोचवला होता. हा ठेका घ्यावा, तबला वगळावा आणि त्यावर राग वाजवावेत, ही त्यांची कल्पना.

त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे योजली : तालासाठी टीआर-८०८, खर्जातील सुरावटीसाठी टीबी-३०३ आणि मुख्य वादनासाठी ज्युपिटर-८. यांपैकी टीबी-३०३ हे यंत्र मुळात बास गिटार वादकाची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेले होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. हार्मोनियमवरील दुसऱ्या आक्षेपाला यंत्राने दिलेले हे अंशतः उत्तर म्हणता येईल. घसरण मिळाली; मात्र ती गायकाच्या गळ्याप्रमाणे भावानुसार कमीअधिक होणारी नव्हे, तर आधी आखून दिलेली होती. पहिला, श्रुतींचा आक्षेप मात्र तसाच राहिला.

तबकडीवर भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग आहेत. मैफलीची सांगता करणारी भैरवी येथे आरंभी येते आणि प्रहरांचा क्रमही पाळलेला नाही. यावरून राग येथे समयबद्ध विधी म्हणून नव्हे, तर स्वरसमूह व चलन म्हणून स्वीकारला आहे, असे अनुमान काढता येते. विस्ताराची जागा पुनरावृत्तीने घेतली आहे. संगीताभ्यासकाने तीव्र मतभेद नोंदवावा असे हे स्थळ आहे. पण मतभेद नोंदवण्यासाठी आधी कृतीची दखल घ्यावी लागते, आणि तीच त्या काळी घेतली गेली नाही. तबकडीचा खपही फारसा झाला नाही.

पुनःशोध आणि श्रेयाचा प्रश्न

२०१० मध्ये एका डच संग्राहकाने ही तबकडी पुन्हा प्रकाशित केली आणि तिच्याकडे जगाचे लक्ष गेले. शिकागोतील फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध केले, तेव्हापासून टीबी-३०३ च्या ध्वनीवर आधारलेले ‘ॲसिड हाउस’ संगीत रूढ झाले, असे मानले जाई. त्याच्याशी विलक्षण साम्य असलेली मुंबईची तबकडी पाच वर्षे आधीची निघाल्याने, या संगीताचा जनक भारतीय होता, अशी चर्चा सुरू झाली.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा दावा तपासून घ्यावा लागतो. कालक्रमाने आधी असणे आणि कारण असणे या भिन्न गोष्टी आहेत. मुंबईची तबकडी शिकागोतील तरुणांनी ऐकल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. टीबी-३०३ चे उत्पादन १९८४ मध्ये थांबले; ते जुन्या बाजारात स्वस्त झाले आणि तेथील तरुणांच्या हाती पडले. साम्याचे मूळ परस्परप्रभावात नसून समान यंत्रात आहे.

तथापि, जनकत्वाचा दावा नाकारल्याने तबकडीचे महत्त्व उणावत नाही. ‘पाश्चात्त्यांच्या आधी’ एवढ्याच कारणासाठी तिला मोठे ठरवणे म्हणजे मोजपट्टी पुन्हा पाश्चात्त्यांचीच वापरणे होय. तिचे खरे स्थान पेटीच्या वादाच्या पुढील टप्प्यात आहे.

निष्कर्ष

चित्रपटगीताच्या तबकडीवर वादकाचे नाव क्वचितच छापले जाई. चरणजित सिंग यांचे नाव या तबकडीवर होते, म्हणूनच ते शोधता आले; जुलै २०१५ मध्ये मुंबईत निधन होण्यापूर्वी त्यांना युरोपात श्रोतृवर्गही लाभला. ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही भजनी मंडळातील पेटीवादक आणि लग्नसराईतील बँड पथकात कीबोर्ड वाजवणारे कलावंत यांच्या मौखिक नोंदी घेणे महाविद्यालयीन इतिहास व संगीत विभागांना सहज शक्य आहे. हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत होईल, तेव्हाच कीबोर्डने भारतीय संगीतात काय बदलले, हे अधिकारवाणीने सांगता येईल.