चांदीपुऱ्याचा विषाणू

तापांत मुलास झटके आले व दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीं तें गेलें, कीं आमच्या बुलढाण्याकडील खेड्यांत ‘बाहेरची बाधा’ म्हणून विचार तेथेंच थांबे. अशा मृत्यूंचें एक कारण आमच्याच विदर्भांत १९६५ सालीं हातीं आलें होतें. नागपुरानजीक चांदीपुरा येथील तापाच्या दोन प्रौढ रोग्यांच्या रक्तांतून पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रांतील भट्ट व रॉड्रिग्ज यांनीं नवा विषाणू वेगळा केला. त्यास नांव गांवाचें मिळालें. दोष मात्र गांवाचा कांहींच नव्हता!

साधा ताप म्हणून तें प्रकरण बहुधा दप्तरींच राहिलें. १९८३ सालीं मेंदूविकाराच्या रोग्याच्या रक्तांत तोच विषाणू आढळल्याचें प्रसिद्ध झालें, तरी फारसें कोणी दचकलें नाहीं. अखेर २००३ सालीं आंध्र प्रदेशांत ३२९ मुलें आजारी पडून १८३ दगावलीं. बहुतेक तर रुग्णालयांत आणल्यापासून चोवीस तासांच्या आंत. इतक्या घाईच्या रोगापुढें वैद्य काय करणार?

विषाणू वाहणारी वाळूमाशी डासाहूनहि लहान. भिंतींच्या भेगा आणि गोठ्यांतील ओलसर कोपरे हें तिचें घर. आणि मातीच्या घरांत भेगांस कधीं तोटा नसतो. २०२४ सालीं गुजरातेंत हा रोग पुन्हां उद्भवला, तेव्हांहि त्यावर लस नव्हती.