स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची सोबत: स्वयंसेवक नेमकं काय करतात?

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा म्हातारपणाचा साधा विसराळूपणा नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे.

वृद्धाश्रमात सोबतीला जाणारा स्वयंसेवक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जातो आणि दर वेळी आपलं नाव स्वतःहून सांगतो. ‘ओळखलंत का मला?’ असं कधीच विचारायचं नाही. उत्तर सुचलं नाही की माणूस ओशाळतो. आजी वारलेल्या नवऱ्याची वाट बघत असतील तर ‘ते गेले ना’ म्हणून रोज नवं दुःख कशाला द्यायचं? ‘ते कामाला कुठं होते?’ असं विचारलं की गप्पा सुरू होतात. भेट विसरली गेली तरी बरं वाटणं काही वेळ मागे राहतं.

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथं भाषेचा प्रश्न मोठा आहे. आजार वाढतो तशी मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी सुटते, लहानपणची टिकते. आयुष्यभर कन्नडमध्ये व्यवहार केलेले आजोबा मराठीतच बोलू लागले, की ती न कळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ते बरळतायत असं वाटू शकतं. अशा ठिकाणी मराठी कळणारा, त्यातही त्यांच्या बोलीतला माणूस हवाच. घरची भाषा कन्नड किंवा कोकणी असेल तर अर्थात त्या भाषेतला.

शब्द अडले तर शेंगा सोलायला, कपड्यांच्या घड्या घालायला सोबत बसावं. खाऊ मात्र विचारल्याशिवाय देऊ नये, गिळायला त्रास असू शकतो. पैसे आणि सह्या यांपासून लांबच राहावं.

ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन: १४५६७.