पाकीट बेळगावातच राहिले

आमच्या घरात एक वाक्य वारंवार कानी येई : "आजोबांनी कागद केला होता म्हणतात." कोठे केला, कोणापुढे केला, हे मात्र कोणी सांगत नसे. आजोबा 1961 मध्ये गेले. त्यांची थोरली मुलगी, माझी आत्या, कोवळ्या वयातच विधवा होऊन माहेरी आलेली. चंदगड तालुक्यातील त्याच घरात ती पुढे 22 वर्षे राहिली. पण भावांच्या मेहेरबानीवर राहतेस, हे तिला अधूनमधून सुनावले जाई. 1983 साली घर विकून वाटणी करायचे ठरले, तेव्हा मी त्या कागदाच्या मागे लागलो.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याने ती करणाऱ्याच्या मर्जीवर ठेवली आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला घरातला साधा कागदही चालतो. म्हणून आधी ट्रंका, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, पोथ्यांची बासने धुंडाळली. मग दुय्यम निबंधकांची कचेरी. तेथे मृत्युपत्रे 3 नंबरच्या बुकात उतरवतात आणि त्याची वेगळी सूची असते. करणारा हयात असेतो त्यातली नक्कल दुसऱ्या कोणाला देत नाहीत. तो गेल्यावर अर्ज करील त्याला मिळते. सूचीत आजोबांचे नाव नव्हते. कोल्हापूरच्या जिल्हा कचेरीतही नव्हते. "केलाच नसेल," काका म्हणाले. त्यांच्या सुरात सुटकेचा भाव होता, असे मला अजून वाटते.

गाठ सुटली ती आजोबांच्या कीर्दवहीत. 1953 च्या एका पानावर मोडीत ओळ होती : 'बेळगावी मोठ्या कचेरीत पाकीट ठेविले.' खाली मोटारीचे भाडे. शेजारच्या गावच्या एका निवृत्त तलाठ्यांनी ती वाचून दाखवली.

आज चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आहे, म्हणून आम्ही कोल्हापूर गाठले होते. पण 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते आणि बेळगाव मुंबई राज्यात. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा अलीकडे राहिला. सीमेचा तंटा आम्ही सभांतून आणि सत्याग्रहांतून ओळखत होतो. ती रेषा आमच्याच घरच्या कागदावरून गेली आहे, हे 27 वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

'पाकीट' हा शब्दही नेमका होता. मृत्युपत्र बंद लिफाफ्यात, सील करून जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. लिफाफ्यावरचा मजकूर, दिवस, वेळ, ओळख पटवणाऱ्यांची नावे, सीलवरची अक्षरे 5 नंबरच्या बुकात नोंदवतात आणि लिफाफा आगीपासून सुरक्षित अशा पेटीत जातो. आत काय लिहिले आहे, ते निबंधकांनाही ठाऊक नसते. मग 3 नंबरच्या सूचीत ते सापडणार कसे?

जाता जाता सांगतो, कारण आपल्या भागात एकेका घराची मुळे तीन ठिकाणी असतात. नातलग गोव्यात वारला असेल आणि तेथेच मृत्युपत्र केले असेल, तर शोध नोटरीच्या पुस्तकांत घ्यावा; पोर्तुगीज नागरी कायदा तेथे 1870 पासून लागू झाला आणि जाहीर मृत्युपत्र नोटरीच्याच वहीत लिहिले जाई. मुंबईत केलेल्या मृत्युपत्राला पूर्वी उच्च न्यायालयाचे प्रोबेट लागे, म्हणून त्याचा माग तेथील दप्तरातही लागतो. असो.

आत्याला घेऊन बेळगावला गेलो. कारकुनाने विचारले, "उयिलु?" आत्याला कन्नड बाजारापुरतेच येई, पण तिने मान हलवली. 5 नंबरच्या बुकात आजोबांची नोंद होती. मृत्यूचा दाखला देऊन रीतसर अर्ज केला. पुढच्या खेपेस लिफाफा आमच्यासमोर उघडला, आमच्या खर्चाने मजकूर 3 नंबरच्या बुकात उतरवला आणि मूळ कागद पुन्हा पेटीत गेला.

शेती मुलांना होती. स्वकष्टाने घेतलेले घर, परसासह, आत्याला.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग नक्कल माझ्या हातात देऊन म्हणाली, "तारीख पुन्हा वाच रे." मी वाचली. घर विकले गेले नाही. धाकट्या काकांचा संसार मागच्या दोन खोल्यांत होता. तो तिने तसाच राहू दिला, भाडे न घेता.