टाउत्रा : फियोर्डमधील सुरक्षित बेट

नॉर्वेचा फियोर्ड म्हणजे आपल्याकडची गाळाची खाडी नव्हे. हिमयुगातील बर्फनद्यांनी डोंगर कोरून दऱ्या समुद्रसपाटीच्याही खाली नेल्या. बर्फ वितळला तसा त्यांत समुद्र शिरला. ट्रॉनहेमचा फियोर्ड असा सुमारे १३० किलोमीटर आत गेला असून त्याची कमाल खोली ६१७ मीटर आहे. त्यातल्या टाउत्रा बेटाजवळ, पाण्याखालच्या कड्यावर अवघ्या ३९ मीटरांवर प्रवाळ वाढते. प्रवाळ म्हणजे उष्ण समुद्र, हा आपला शाळेतला समज तेथे टिकत नाही!

याच फियोर्डच्या परिसरात, स्टिकलस्टाड येथे, राजा ओलाफ १०३० साली रणांगणी पडला. तलवारीच्या धाकाने धर्म पसरविणाऱ्या या राजाला वर्षभरातच संत म्हणून घोषित करण्यात आले, हे आजच्या मनाला सहज पचत नाही. पण त्याच्या कबरीकडे यात्रेकरूंची रीघ लागली, हेही खरे. पुढे पोप चौथे एड्रियन झालेले कार्डिनल निकोलस ब्रेकस्पिअर यांनी येथे आर्चबिशपांचे पीठ स्थापिले. आइसलँड व ग्रीनलँडही त्याच्या अधिकारात होते. १२०७ साली सिस्टर्शियन संन्यासी टाउत्रावर आले. त्यांच्या मठाचे लॅटिन नाव ‘तूता इन्सुला’, म्हणजे सुरक्षित बेट.

ती सुरक्षितता धर्मसुधारणेच्या लाटेपुढे टिकली नाही. अखेरचे आर्चबिशप ओलाव एंगेलब्रेक्टसन यांनी फियोर्डमध्येच स्टाइनविकहोल्म हा किल्ला बांधला होता. १५३७ च्या एप्रिलमध्ये ते जहाजाने परागंदा झाले आणि पुढील वर्षी परदेशीच वारले. संत ओलाफची चांदीची पेटी कोपनहेगनला नेऊन वितळविण्यात आली. टाउत्राचा मठ राजसत्तेकडे गेला. त्याचे आता भग्नावशेष उरले आहेत. १८१४ च्या राज्यघटनेने तर संन्यासी संघ व जेझुइट यांना देशात प्रवेशच नाकारला. संघांवरील बंदी १८९७ मध्ये उठली, जेझुइटांवरील १९५६ मध्ये.

१९९९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या मठातून सिस्टर्शियन भगिनी टाउत्रावर आल्या. मधे ४६२ वर्षे गेली होती. त्या साबण तयार करून उदरनिर्वाह करतात. त्यांच्या नव्या मंदिराचे छप्पर काचेचे आहे. प्रार्थनेच्या वेळी वर आकाश आणि समोर फियोर्ड दिसतो.